आशिया दाखवायचा तर सांगणाराही हवा

मराठवाड्यातील शिक्षक अलीकडे कुठेही एकत्र आले, मग ती केंद्रस्तरीय शिक्षण परिषद असो की निवडणुकीच्या प्रशिक्षणातली मधली सुट्टी, एक वाद हमखास निघतो. सहावी ते आठवीच्या मुलांना चीन, जपान, इराण, इंडोनेशिया हे देश शिकवताना शैक्षणिक व्हिडिओ वापरावेत की नाहीत? एक बाजू म्हणते, गावाने लोकवर्गणी करून स्मार्ट टीव्ही घेतला आहे, पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे साहित्य तयार आहे, आणि जो शिक्षक स्वतः कधी राज्याबाहेर गेलेला नाही त्याने कंबोडियातले अंगकोर वाट नुसत्या शब्दांनी वर्गात उभे करावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. दुसरी बाजू म्हणते, मुलांचे डोळे घरी मोबाइलला चिकटलेले असतातच, निदान शाळेतले तास तरी पडद्यापासून मोकळे ठेवा. शिवाय ज्याला नकाशावर जिंतूर सापडत नाही त्याला जकार्ता दाखवून काय साधणार? दोन्ही बाजू तळमळीने बोलतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही हा वाद मूळ प्रश्नाच्या शेजारून निघून जातो, कारण दोघांचीही नजर पडद्यावर खिळलेली असते. पडद्याच्या बाजूला उभे राहून मुलांशी कोण आणि काय बोलणार, याचा विचार त्यात येतच नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच मांडतो. आशिया शिकवताना व्हिडिओ अवश्य वापरावा, मात्र त्याला धड्याची जागा देऊ नये. सहावीच्या इतिहासात आपण मुलांना सुरुवातीलाच इतिहासाची साधने शिकवतो: नाणी, खापरे, शिलालेख, ताम्रपट, ओव्या, लोककथा. व्हिडिओ हे त्याच रांगेत बसणारे एक साधन आहे. नाणे हातात घेतल्यावर ते कोणी पाडले, कधी पाडले, त्यावर कोणाची मुद्रा आहे, असे आपण विचारतो. चीनच्या एखाद्या शहरावरच्या व्हिडिओलाही तेच विचारले पाहिजे: हा कोणी काढला, कोणासाठी काढला, कॅमेरा कुठे उभा होता आणि चौकटीबाहेर काय राहिले? हे विचारणारा माणूस वर्गात असेल तर तीन मिनिटांचा तुकडाही पुरेसा होतो. तो नसेल तर तासाभराचा उत्तम माहितीपटही मुलांच्या डोळ्यांसमोरून वाहून जातो.

आधी आशिया दूर असल्याच्या आक्षेपाकडे वळू, कारण तो सर्वांत अधिक वेळा ऐकू येतो आणि वरवर पाहता सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जवळच्यापासून दूरच्याकडे जावे हे तत्त्व खरेच आहे. आपला अभ्यासक्रमही जिल्हा, राज्य, देश आणि मग जग अशाच चढत्या क्रमाने बांधलेला आहे. पण जवळ आणि दूर हे नेहमी मैलांनीच मोजायचे का? लातूर तालुक्यातल्या सातवीच्या मुलाच्या घरात खरिपाचे सोयाबीन येते आणि त्याचे वडील ते विकायला लातूरच्या आडतीत नेतात. सोयाबीन हे मूळचे पूर्व आशियातले पीक. भारत खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो आणि त्यातले पामतेल प्रामुख्याने इंडोनेशिया व मलेशियातून येते. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि २३ मे रोजी ती पुन्हा सुरू केली. त्या पंचवीस दिवसांत भारतातल्या तेलबाजाराचे डोळे जकार्ताकडे लागले होते. आयात तेल स्वस्त झाले की देशी तेलबियांच्या भावावर दाब येतो, हे आडतीतल्या हमालालाही ठाऊक असते. मग ज्या मुलाच्या घरची दिवाळी सोयाबीनच्या भावावर ठरते, त्याला इंडोनेशिया दूर कसा म्हणायचा? सुमात्रा बेटावरच्या पामच्या बागेचा, तिथे फळांचे घड काढणाऱ्या मजुराचा दोन मिनिटांचा व्हिडिओ त्याने पाहिला, तर तो परक्या देशाची सहल पाहत नसतो. आपल्या शेताच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे ते पाहत असतो.

जालना आणि बीडची गोष्टही अशीच आहे. तिथे आता रेशीम कोषांचे बाजार भरतात. कपाशीला कंटाळलेल्या अनेक शेतकऱ्यांनी तुती लावली आहे आणि शेडमध्ये रॅकवर अळ्या वाढवल्या आहेत. रेशमाचा किडा माणसाने प्रथम पाळला तो चीनमध्ये, आणि भारतात येणाऱ्या कच्च्या रेशमाचा मोठा वाटा आजही चीनमधूनच येतो. ज्या मुलीने रात्री उठून आईबरोबर अळ्यांना तुतीचा पाला टाकला आहे, तिला चीनमधल्या कोषापासून धागा काढण्याच्या कामाचा व्हिडिओ दाखवून पाहावा. शिक्षकाच्या आधी तीच बोलू लागेल आणि व्हिडिओत काय चुकले, काय वगळले तेही सांगेल. तज्ज्ञ कोण, हा प्रश्न त्या तासाला उलटा होतो. माझ्या मते सामाजिक शास्त्राच्या तासाला याहून मोठे यश नाही.

आणि इतिहासात मागे जावे तर हे नाते अधिकच दाट होत जाते. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोचला जाई व तिथून ते समुद्रापार निघे. अजिंठ्याच्या चित्रांतला सुंदर निळा रंग ज्या लाजवर्द दगडाचा आहे, तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येत असे. ज्याने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घातला, तो मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि मोखा, बगदाद अशी अरबस्तान-इराकची बाजारपेठ ओलांडून दख्खनेत पोहोचला. त्याने शहराला पाणी पुरवणारी जी नहर बांधली, तिचे नाते इराणच्या कनात नावाच्या भूमिगत पाटांशी सांगितले जाते. इराणच्या वाळवंटात ओळीने दिसणारी कनातीची विहिरीसारखी तोंडे पडद्यावर दाखवून शहरातल्या मुलांना विचारावे की असे काही तुम्ही कुठे पाहिले आहे काय? आधी जिल्हा शिकवा आणि मग आशिया, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे की मराठवाड्यातला जिल्हा नीट शिकवू गेले की आशिया त्यातूनच वर येतो.

आता व्हिडिओच्या समर्थकांकडे वळतो. मी त्यांच्या बाजूचा असलो तरी त्यांचे काही युक्तिवाद मला मान्य नाहीत. शिक्षक प्रशिक्षणात एक शंकू हटकून दाखवला जातो: वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के, अशी चढती आकडेवारी त्यावर लिहिलेली असते. तो शंकू एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचा. त्यांनी १९४६ साली तो मांडला तेव्हा त्यात टक्केवारी मुळीच नव्हती. अनुभवांची मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारी ती एक साधी मांडणी होती. आकडे पुढे कोणी तरी चिकटवले आणि ते जगभर फिरत राहिले. ज्या गोष्टीसाठी आपण इतका आग्रह धरतो ती अशा आकड्यांवर उभी करू नये, कारण आकडे पडले की गोष्टही पडते. दुसरीकडे, १९८४ साली शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ गॅव्रिएल सॅलोमन यांनी नेमक्या सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास विरोधकांच्या बाजूने बोलतो. मुलांनी टीव्ही सोपा मानला आणि छापील मजकूर अवघड. टीव्ही पाहताना त्यांनी मनाला कमी ताण दिला, आणि अनुमान काढण्याच्या प्रश्नांत ती वाचणाऱ्या मुलांपेक्षा मागे पडली. हा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. व्हिडिओ समोर आला की मुले सैल होऊन बसतात, वर्गात शांतता पसरते, आणि त्या शांततेलाच आपण शिक्षण समजून बसतो.

पण सॅलोमन यांच्या अभ्यासातली खरी शिकवण काय? दोष पडद्याचा नव्हता. हे सोपे आहे, यात डोके चालवायचे नाही, ही मुलांची धारणा मुळाशी होती. धारणा बदलता येते. व्हिडिओ सुरू करण्याआधी फळ्यावर एक प्रश्न लिहिला, तीन मिनिटांनी थांबवून उत्तर वहीत लिहून घेतले आणि तोच तुकडा पुन्हा दाखवला, तर त्याच पडद्यासमोर तीच मुले वेगळी बसतात. दुसऱ्यांदा पाहताना वर्गात जी कुजबूज होते, ‘अरे, ते मागे बघ’ असे एकमेकांना जे सांगणे होते, तो त्या तासाचा गाभा. ती कुजबूज कोणत्याही व्हिडिओत आधीपासून भरून ठेवता येत नाही.

चित्राच्या शेजारी माणूस हवा, हा विचार नवा नाही आणि बाहेरचाही नाही. तो आपल्या अजिंठ्याच्या भिंतीवर आहे. सतरा क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत डाव्या भिंतीवर एका मोठ्या चक्राचा भग्न अवशेष आहे. ते भवचक्र, जन्ममरणाचे फिरते चाक. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात अशा चक्राविषयी एक प्रसंग येतो. विहाराच्या प्रवेशद्वारापाशी ते चक्र रंगवावे असे बुद्ध सांगतात. लोक येतात, चित्र पाहतात आणि हे काय आहे म्हणून विचारतात. भिक्षूंना सांगता येत नाही. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला चित्र समजावून देण्यासाठी एक भिक्षू नेमावा, अशी आज्ञा होते. मग कोणालाही नेमले जाते, अगदी अजाण भिक्षूंनाही. त्यांना स्वतःलाच कळत नाही, तर ते दुसऱ्याला काय सांगणार? शेवटी बुद्ध स्पष्ट करतात की या कामावर समर्थ भिक्षूच नेमला पाहिजे. आपण वर्गात स्मार्ट टीव्ही बसवतो, मग कोणी तरी तो चालू करावा म्हणून एखाद्याला सांगतो, आणि अनेक ठिकाणी तिथेच थांबतो. त्या प्रसंगातली तिसरी पायरी, म्हणजे समर्थ माणसाची, आपल्या नियोजनात अजून आलेली नाही. टीव्हीची रक्कम अंदाजपत्रकात दिसते. तो वापरून शिकवायला शिकण्यासाठी शिक्षकाला दिलेले दिवस कुठे दिसतात?

सांगणाऱ्याची ही परंपरा आशियाभर पसरलेली आहे, म्हणून आशिया शिकवताना ती अधिकच शोभते. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रे नुसती पाहण्यासाठी नव्हती. एकेक चित्र पुढे धरून कथा गायली जाई आणि श्रोत्यांचा रंग पाहून चित्रकथी कथा लांबवी किंवा आवरती घेई. जावा बेटावर चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या नाचवत रामायण-महाभारत सांगणारा दालांग रात्र रात्र बोलत असतो. जपानमध्ये मूकपट आले तेव्हा पडद्याशेजारी ‘बेन्शी’ उभा राहू लागला. तो पात्रांचे आवाज काढी, परदेशी रीतिभाती प्रेक्षकांना समजावून सांगी, आणि कित्येक प्रेक्षक नटांपेक्षा बेन्शीसाठी तिकीट काढत. परका देश दाखवणारे हलते चित्र आले, तर एका आशियाई समाजाने त्याच्या शेजारी आपल्या भाषेत बोलणारा माणूस उभा केला. आपल्या वर्गांसमोरचा प्रश्न याहून वेगळा आहे का?

यावरूनच मी एक सूचना आग्रहाने मांडतो: व्हिडिओचा आवाज बंद करा. आशियावरचे चांगले व्हिडिओ बहुतेक इंग्रजीत आहेत, काही हिंदीत. मराठीत आहेत त्यांतले पुष्कळ घाईने भाषांतर केलेले आणि पुस्तकी आवाजात वाचलेले असतात. परभणीतल्या सहावीच्या मुलाला त्या निवेदनातले अर्धे शब्द अडतात आणि चित्र मधल्या मध्ये निसटते. आवाज बंद केला की चित्र उरते, आणि शब्द शिक्षकाचे, वर्गाच्या बोलीचे, मुलांच्या ओळखीचे येतात. माहीत नसेल तिथे ‘हे मलाही ठाऊक नाही, शोधू’ असे म्हणण्याची मोकळीकही शिक्षकाला मिळते. तयार निवेदन हा चित्रावर चढवलेला लेप असतो. १९२०च्या दशकात निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. हेतू चांगला होता, पण त्यांनी दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि त्याखालचे रंग झाकोळले. तो काढण्यासाठी पुढच्या पिढ्यांना कष्ट घ्यावे लागले. चांगल्या हेतूने दिलेले निवेदनही मुलांच्या आणि चित्राच्या मध्ये असेच येऊ शकते.

भाषेच्या मुद्द्यावर मराठवाड्याने एकदा मोठी किंमत मोजली आहे. हैदराबाद संस्थानाचे शिक्षण खात्याचे प्रमुख रॉस मसूद यांना १९२२ साली जपानची शिक्षणपद्धती अभ्यासण्यासाठी पाठवण्यात आले आणि १९२३ साली त्यांचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांपूर्वी आमच्याच संस्थानाचा शिक्षणाधिकारी शिकण्यासाठी लंडनऐवजी टोकियोकडे पाहत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जपानने आधुनिक ज्ञान स्वतःच्या भाषेत आणले, हा त्या देशाचा धडा होता. पण हैदराबादेत त्याच तत्त्वाचा लाभ उर्दूला मिळाला. १९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते, आणि औरंगाबादपासून नांदेडपर्यंतच्या मराठी मुलांच्या वाट्याला पुढच्या शिक्षणासाठी परकी माध्यमभाषा आली. देशी भाषेचे तत्त्व बरोबर होते, पण वर्गात बसलेल्या मुलाची भाषा कोणती, हे पाहिले गेले नाही. आज इंग्रजी निवेदनाचा व्हिडिओ जिल्हा परिषदेच्या शाळेत लावून ‘जागतिक दर्जाचे साहित्य’ पोहोचवल्याचे समाधान मानताना आपण तीच चूक करत नाही ना?

विरोधकांचा आणखी एक आक्षेप आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. व्हिडिओ साचे पक्के करतो. चीन म्हटले की भिंत, जपान म्हटले की वेगवान रेल्वे, अरबस्तान म्हटले की उंट आणि वाळू. पुस्तकातले वाक्य मुले विसरतात, पण डोळ्यांत बसलेली प्रतिमा वर्षानुवर्षे राहते आणि पुढे पूर्वग्रह होऊन बोलू लागते. शेजारी देशांविषयी, विशेषतः ज्या देशांशी आपले वैर किंवा स्पर्धा आहे त्यांच्याविषयी, हे अधिकच धोक्याचे आहे. हा धोका मी नाकारत नाही. पण व्हिडिओ वर्गाबाहेर ठेवल्याने साचे थांबतात का? ते मोबाइलवर, कोणत्याही शिक्षकाविना, दररोज पक्के होत आहेत. साचा मोडण्याची जागा वर्गच आहे, आणि तो मोडण्याचे कौशल्य शिकवायला उत्तम उदाहरणे आपल्या दारात आहेत.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दरबाराचे एक चित्र आहे. त्यात परदेशी पेहरावाची, टोकदार टोप्या घातलेली माणसे दिसतात. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी ठरवले की चालुक्य राजा दुसरा पुलकेशी इराणच्या दुसऱ्या खुस्रोच्या वकिलाचे स्वागत करतो आहे, आणि कितीतरी वर्षे पुस्तके तेच सांगत राहिली. पुढे लक्षात आले की हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले आहे, तर पुलकेशी सातव्या शतकातला. त्यामुळे ती ओळख मागे पडली आणि हा जातककथेतला प्रसंग असावा असे मानले जाऊ लागले. चित्र डोळ्यांसमोर असूनही थोर विद्वानांची पाहण्यात चूक होते. ही हकिकत सहावीच्या मुलांना सांगितली की ‘मी डोळ्यांनी पाहिले’ या वाक्यावरचा त्यांचा आंधळा विश्वास थोडा हलतो, आणि व्हिडिओ पाहणाऱ्या पिढीसाठी हे हलणे फार गरजेचे आहे. दुसरे उदाहरण चिनी प्रवासी युआन त्सांगचे. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला आणि त्याने इथल्या लोकांविषयी लिहिले की ते ताठ आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, आणि सूड घेण्याआधी शत्रूला तसे कळवतात. हे वर्गात वाचून दाखवावे आणि विचारावे: हे तुमचे वर्णन आहे का, तुमच्या आजीचे आहे का, गावातल्या सगळ्यांचे आहे का? मुले हसतात, वाद घालतात, काही जण अभिमानाने होकार देतात. मग चीनमधल्या शहराचा तीन मिनिटांचा व्हिडिओ लावावा आणि तोच प्रश्न उलटा विचारावा: हे सगळ्या चीनचे वर्णन आहे का? परक्याने केलेले आपले वर्णन ऐकल्यावर आपण केलेल्या परक्याच्या वर्णनाविषयी मूल सावध होते, हे मी वर्गात अनेकदा अनुभवले आहे.

राहिला सोयीसुविधांचा प्रश्न. वीज जाते, इंटरनेट चालत नाही, टीव्ही चोरीच्या भीतीने कार्यालयात कुलपात राहतो. हे सगळे खरे आहे, पण ते न सुटणारे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात देशाच्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक टीव्ही पोहोचवण्याचा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले गुलबर्गा आणि विजापूरही होते. पन्नास वर्षांपूर्वी जे आकाशातून उतरवता आले ते आज पेनड्राइव्हमधून शाळेत नेणे कठीण नसावे.

खरी अडचण शिक्षकाच्या वेळेची आहे, आणि तिच्यापुढे मी नम्रपणे थांबतो. दोन इयत्तांचा जोडवर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, सतत भरायची ऑनलाइन माहिती, आणि बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुले परत आली की त्यांना पुन्हा वर्गात सामावून घेण्याची धडपड. अशा शिक्षकाला ‘तुम्ही प्रत्येक व्हिडिओ आधी पाहा, कापा, प्रश्न तयार करा’ असे सांगणे म्हणजे ओझ्यावर ओझे. म्हणून ही जबाबदारी एकेका शिक्षकावर टाकण्याऐवजी प्रत्येक जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने उचलावी. वर्षाला वीस-पंचवीस छोटे, निवेदनाशिवायचे, तीन-चार मिनिटांचे तुकडे निवडावेत, प्रत्येकासोबत शिक्षकासाठी एका पानाची मराठी टीप द्यावी, आणि त्या टिपेची सुरुवात त्या जिल्ह्यातल्या वस्तूने व्हावी: लातूरला सोयाबीन, जालन्याला रेशीम कोष, धाराशिवला तेरची खापरे, संभाजीनगरला नहर. शिक्षण परिषदेच्या दोन तासांत यशोगाथांच्या सादरीकरणाऐवजी असा एक तुकडा सगळ्यांनी मिळून पाहावा आणि त्यावर कोणते प्रश्न विचारता येतील ते एकमेकांना सांगावे. यासाठी नव्या निधीची गरज नाही. आहे त्या वेळेचा वेगळा उपयोग करायचा आहे.

औसा, लोहारा, उमरगा या तालुक्यांसाठी तर पहिला तुकडा कोणता असावा, हे मी आताच सांगू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आज त्या गावांतल्या शाळांत बसणारी मुले तेव्हा जन्मलेली नव्हती. त्यांना ती रात्र पुनर्वसित गावाच्या सरळ रस्त्यांतून आणि घरातल्या मोठ्यांच्या अर्धवट वाक्यांतून माहीत आहे. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात टोकियो आणि योकोहामात एक लाखाहून अधिक लोक मेले. जपान आजही दरवर्षी १ सप्टेंबरला आपत्ती निवारण दिन पाळतो, आणि शाळांत मुले बाकाखाली शिरण्याचा, डोक्यावर जाड कापडी टोपरे घालून रांगेने मैदानात जाण्याचा सराव करतात. त्या सरावाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ, आवाज बंद करून, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दाखवावा. ‘जपान पुढे आहे, आपण मागे’ एवढेच मुलांच्या हाती लागू नये म्हणून शिक्षकाने १९९५ च्या कोबेविषयी सांगावे, जिथे जड कौलांची जुनी लाकडी घरे कोसळून हजारो माणसे दगावली. आणि किल्लारीत दगडमातीच्या भिंतींवरच्या जड माळवदांनी तेच केले होते, हे सांगावे. मग मुलांना घरी पाठवावे, आजीला त्या पहाटेविषयी विचारून चार ओळी लिहून आणायला सांगावे. दुसऱ्या दिवशी त्या ओळी वर्गात वाचून झाल्यावर तोच तुकडा पुन्हा लावावा.